घरची गाडी : चेक लाईट कधीच लागत नाही, हे चांगले की वाईट?

खेड तालुक्यातल्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. शोहर कुवेतला नोकरीला आहेत. सासूबाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी चिपळूणला न्यावे लागते. कधी रिक्षा, कधी वडाप, कधी शेजाऱ्यांची गाडी, असे वर्ष निघाले. आता घरात जुनी का होईना, स्वतःची गाडी घ्यायचे ठरले आहे. भगिनी स्वतः गाडी चालवतात, त्यामुळे दिराला सोबत घेऊन त्याच पाहायला गेल्या. आठ-नऊ वर्षांची पेट्रोल गाडी, रंग बरा, टायर बरे. विकणाऱ्याने मीटरकडे बोट दाखवून सांगितले, "बघा, एकही दिवा नाही. चेक लाईट तर या गाडीला आजवर कधी लागलीच नाही." त्यांचा प्रश्न असा : हे ऐकून समाधान मानावे का?

इंजिन चालू असताना तो दिवा विझलेला असेल तर उत्तम. पण इंजिन सुरू करण्याआधी, नुसती चावी फिरवल्यावर तो पेटलाच पाहिजे. तिथेही पेटत नसेल तर ती गाडी निरोगी नाही, मुकी आहे. आणि मुक्या गाडीत पेशंटला बसवून आठवड्यातून दोनदा प्रवास करायचा असेल तर आधी तिला बोलते करावे लागेल, किंवा दुसरी गाडी पाहावी लागेल.

आपण बोलतो आहोत त्या दिव्याची ओळख आधी करून घेऊ. मीटरमध्ये पिवळसर, नारिंगीकडे झुकणाऱ्या रंगात इंजिनाचे छोटे चित्र असते. काहींना ते नळासारखे दिसते, माझ्या भाचीला ते पाणबुडीसारखे वाटते. काही जुन्या गाड्यांत चित्राऐवजी किंवा चित्रासोबत 'चेक' असे इंग्रजीत लिहिलेले असते. गॅरेजमध्ये सगळे त्याला चेक लाईट म्हणतात. गाडीच्या आत एक छोटा संगणक असतो, त्याला मेकॅनिक ईसीएम म्हणतात. पेट्रोल किती सोडायचे, ठिणगी कधी पाडायची, हे तो ठरवतो. ठिकठिकाणच्या सेन्सरकडून त्याला माहिती येत असते. ती माहिती पटेनाशी झाली, की तो एक कोड आपल्याजवळ लिहून ठेवतो आणि हा दिवा पेटवतो. त्याला आपल्याशी बोलायला एवढे एकच तोंड दिलेले आहे.

आपल्याकडे चारचाकी गाड्यांना ही स्वतःची तपासणी करणारी व्यवस्था, जिला ओबीडी म्हणतात, भारत स्टेज ४ च्या नियमांबरोबर आली. पहिला टप्पा एप्रिल २०१० पासून आणि अधिक कडक दुसरा टप्पा एप्रिल २०१३ पासून. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून सगळ्या नव्या मोटारींना ती सक्तीची झाली होती. म्हणजे आज बाजारात जी आठ-दहा वर्षांची सेकंडहँड गाडी मिळते, तिच्यात हा दिवा असतो आणि तो चालू असणे अपेक्षित असते. मूळ हेतू धुराचा होता. इंजिन बिघडून जास्त विषारी वायू सोडू लागले तर मालकाला कळावे, हा. पण धूर बिघडवणारे बहुतेक बिघाड इंजिनही बिघडवतात, म्हणून तो आपल्या खिशाचाही राखणदार झाला.

आता अडचण अशी की राखणदार झोपला आहे की जागा आहे, हे बाहेरून कळत नाही. विझलेला दिवा दोन गोष्टी सांगू शकतो : सगळे ठीक आहे, किंवा दिवाच गेला आहे. म्हणून गाडी बनवणाऱ्यांनी सोय करून ठेवली, की चावी ऑनवर आली की इंजिन सुरू होण्याआधी हा दिवा मुद्दाम पेटवायचा. मालकाने पाहावे, दिवा जिवंत आहे. मग इंजिन सुरू झाले आणि सगळे ठीक असले की तो विझतो. रोज सकाळी गाडी आपल्याला ही हजेरी देत असते. आपण मात्र चावी एका दमात थेट स्टार्टपर्यंत फिरवतो आणि त्याच वेळी आरसा, पट्टा, मागे बसलेल्या मुलांचे भांडण असे सगळे बघत असतो. मीटरकडे कोणी बघत नाही.

तपासायचे असे. गाडी सावलीत किंवा पोर्चमध्ये उभी करा. दुपारच्या उन्हात मीटरवर तिरीप पडली की पेटलेला दिवाही दिसत नाही, आणि एखादी चांगली गाडी उगाच संशयात येते. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. चावी घालून सावकाश फिरवा. पहिल्या टप्प्यावर रेडिओ चालू होतो, तो नव्हे. त्याच्या पुढच्या टप्प्यावर मीटरमधले बरेच दिवे एकदम उजळतात, तो ऑन. तिथे थांबा. स्टार्टपर्यंत नेऊ नका.

बटण दाबून सुरू होणारी गाडी असेल तर क्लचवर पाय न ठेवता, ऑटोमॅटिक असेल तर ब्रेकवर पाय न ठेवता, बटण दाबा. बहुतेक गाड्यांत एकदा दाबले की रेडिओचा टप्पा येतो आणि दुसऱ्यांदा दाबले की ऑनचा. पाय पॅडलवर असेल तर गाडी थेट सुरू होईल आणि आपली तपासणी हुकेल. नव्या माणसाची गल्लत नेमकी इथेच होते.

आता मीटर वाचा. लाल तेलाची बुधली, म्हणजे ऑइल प्रेशर. लाल बॅटरी. एअरबॅगचा माणूस. एबीएसची अक्षरे. आणि आपले पिवळे इंजिन. हे सगळे दिसले पाहिजेत. एअरबॅगचा दिवा साधारण पाच-सहा सेकंदांत आपोआप विझतो, एबीएसचाही काही क्षणांत जातो. ऑइल आणि बॅटरी इंजिन सुरू होईपर्यंत पेटलेले राहतात. इंजिनाचा दिवाही बहुतेक गाड्यांत सुरू होईपर्यंत राहतो, काहींत थोडा वेळ राहून स्वतःच विझतो. आपल्या गाडीत नेमके काय होते हे मालकाच्या पुस्तिकेत दिलेले असते. आता इंजिन सुरू करा. एक-दोन सेकंदांत चेक लाईट गेली पाहिजे.

सगळे एवढ्या पटकन होते की नजर चुकते, म्हणून एक युक्ती सांगतो. शेजारच्या सीटवर बसलेल्याने मोबाईलवर मीटरचा व्हिडिओ काढावा. चावी फिरवण्याआधी सुरू करावा आणि इंजिन सुरू होऊन अर्धा मिनिट झाल्यावर बंद करावा. मग घरी बसून तो हळू वेगात पाहावा. कोणता दिवा कधी पेटला आणि कधी विझला, सगळे स्पष्ट दिसते. शोहर परदेशात असतील तर त्यांनाही पाठवता येतो. गाडीचे फोटो पाठवण्यापेक्षा हा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ कितीतरी जास्त सांगतो.

डिझेल गाडीत एक गोंधळ होतो. तिथे स्प्रिंगसारख्या वेटोळ्याचा एक पिवळा दिवाही थोडा वेळ लागून जातो. तो इंजिन सुरू होण्याआधी आतली हवा तापवणाऱ्या ग्लो प्लगचा आहे. त्याला चेक लाईट समजू नका.

घरच्या गाडीत तपासणी करताना ऑनवर दिवा पेटलाच नाही, तर पुढचा प्रश्न विचारा : गाडी सुरू होते का? दिवाही लागत नाही आणि स्टार्टर फिरूनही इंजिन पकडत नाही, असे असेल तर बहुधा ईसीएमपर्यंत वीजच पोचत नाही. फ्यूज किंवा मेन रिले गेलेला असू शकतो. अशा वेळी लोक दोन-दोन तास स्टार्टर मारून बॅटरी संपवतात, पेट्रोल पंप बदलायला निघतात. मेकॅनिकला फोनवर एवढेच सांगा की चावी ऑन केल्यावर चेक लाईट येत नाही. त्याचा अर्धा वेळ वाचेल. पण गाडी झकास सुरू होते आणि दिवा तेवढा लागत नाही, असे असेल तर दोष दिव्याचा, त्याच्या वायरचा किंवा मीटरच्या सर्किटचा. जुन्या मीटरमध्ये मागच्या बाजूने फिरवून काढता येणारा छोटा बल्ब असतो, तो स्वस्तात बदलून मिळतो. नव्या गाड्यांत एलईडी थेट सर्किटवर जोडलेला असतो, तिथे मीटर दुरुस्त करणाऱ्याकडेच जावे लागते. दोन्हीपैकी काहीही असो, गाडी चालते आहे म्हणून ते काम पुढच्या महिन्यावर ढकलू नये.

आता त्या सेकंडहँड गाडीकडे येऊ, कारण खरी फसवणूक तिथे होते.

चेक लाईट पेटलेल्या गाडीची किंमत लगेच उतरते, हे विकणाऱ्याला माहीत असते. दुरुस्ती महाग असेल तर काही लोक दुरुस्तीऐवजी दिवाच दुरुस्त करतात. बल्ब काढून टाकतात. दिव्यावर आतून काळी टेप चिकटवतात. एलईडीची जोडणी तोडतात. ही ढोबळ लबाडी आपल्या चावीच्या तपासणीत पकडली जाते, कारण ऑनवर ती जागा काळी राहते. त्याहून हुशार लोक त्या दिव्याची वायर ऑइल किंवा बॅटरीच्या दिव्याला जोडून देतात. मग तो ऑनवर पेटतो, इंजिन सुरू झाले की विझतो आणि आपली तपासणी पास होते. एअरबॅगच्या दिव्याबाबत हे विशेष केले जाते. अपघातात एअरबॅग फुटलेली असते, नवी महाग असते, म्हणून जागा रिकामीच ठेवून वरून झाकण लावतात आणि दिवा दुसऱ्याला जोडतात. व्हिडिओ इथे कामाला येतो. एअरबॅगचा दिवा स्वतःच्या वेळेने पाच-सहा सेकंदांत न जाता ऑइलच्या दिव्याबरोबर, अगदी त्याच क्षणी विझत असेल तर तिथे कोणाचा तरी हात फिरलेला आहे.

बाजारातल्या धान्याच्या ढिगात हात घालून प्रेषितांनी (स.) आतली ओल बाहेर दाखवली, हा प्रसंग आपल्याकडे मदरशात जाणाऱ्या मुलालाही ठाऊक असतो. तरी गाडी विकताना ऐब लपवणे म्हणजे व्यवहारातली चतुराई, असे मानणारे आपल्यातही आहेत. त्यात गाडी देणारा नात्यातला किंवा मोहल्ल्यातला असला की घेणाऱ्याला तपासायचा संकोच वाटतो. मला विचाराल तर हा संकोच अगदी चुकीच्या जागी आहे. तपासून घेतलेल्या गाडीमुळे नाते बिघडत नाही. न तपासता घेतलेल्या गाडीमुळे बिघडलेली नाती मात्र मी पुष्कळ पाहिली आहेत.

तिसरा प्रकार सर्वांत सोपा आणि म्हणून सर्वांत जास्त चालणारा. दिव्याला हात लावायचाच नाही. गिऱ्हाईक येण्याच्या दिवशी सकाळी स्कॅनर लावून कोड पुसायचा. दिवा खरोखर विझतो, चावीची तपासणी खरोखर पास होते. पण बिघाड जिथल्या तिथे. संगणकाला तो पुन्हा ओळखायला वेळ लागतो. बऱ्याच बिघाडांच्या बाबतीत तो एकदा शंका नोंदवतो आणि पुढच्या फेरीतही तेच दिसले तरच दिवा पेटवतो. म्हणजे आपली दोन किलोमीटरची चाचणी छान पार पडते, पैसे हातात दिले जातात आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी दिवा येतो. तोवर विकणारा म्हणतो, "माझ्याकडे होती तोवर ठीक होती."

यावरचा उपाय म्हणजे आपलाही स्कॅनर. ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ, डॅशबोर्डच्या खालच्या बाजूला सोळा पिनांचे एक सॉकेट असते. त्यात बसणारा ब्लूटूथचा छोटा डबा ऑनलाईन काही शे रुपयांपासून मिळतो आणि मोबाईलवरच्या अॅपशी जोडता येतो. ते जमत नसेल तर ओळखीच्या मेकॅनिकला त्याचा स्कॅनर घेऊन सोबत न्या आणि त्याच्या वेळेचे पैसे द्या. विकणाऱ्याचा मेकॅनिक नको. स्कॅनर लावल्यावर बहुतेक जण 'कोड नाही' एवढे वाचून तो काढून घेतात. तिथे थांबू नका.

पहिली गोष्ट, संगणकाने दिवा पेटवण्याचा हुकूम दिला आहे की नाही, हे स्कॅनर स्वतंत्रपणे सांगतो. तिथे 'ऑन' दिसत असेल आणि मीटरमध्ये अंधार असेल, तर बोलणे तिथेच संपवून घरी यावे. यापेक्षा स्पष्ट पुरावा मिळत नाही, आणि वायर दुसऱ्या दिव्याला जोडण्याची हुशारीही इथे उघडी पडते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. गाडीच्या आत काही ठरावीक चाचण्या सतत चाललेल्या असतात. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काम करतो का, ऑक्सिजन सेन्सर वेळेत उत्तर देतो का, वगैरे. त्यांना मॉनिटर म्हणतात. कोड पुसला की या चाचण्यांचे निकालही पुसले जातात आणि स्कॅनरवर त्यांच्यापुढे 'अपूर्ण' अशा अर्थाचा शेरा येतो. काही चाचण्या लगेच होतात, पण कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सरच्या चाचण्या पूर्ण व्हायला थोडे शहरातले, थोडे हायवेवरचे असे काही दिवसांचे चालवणे लागते. रोज वापरातली म्हणून दाखवलेली गाडी आणि तिच्या निम्म्या चाचण्या अपूर्ण, हे एकत्र बसत नाही. शिवाय पुष्कळ गाड्या कोड पुसल्यापासून किती किलोमीटर चालल्या, हा आकडाही देतात. तिथे ६ किंवा ११ दिसले तर सकाळी काय घडले ते वेगळे विचारायला नको. मात्र लगेच चोर ठरवूही नका. नुकतीच बॅटरी बदलली असेल किंवा प्रामाणिकपणे दुरुस्ती करून कोड पुसला असेल तरी असेच दिसू शकते. तेव्हा बिल मागा. बिल असेल तर दाखवतील. नसेल तर म्हणा, "गाडी आठवडाभर तुम्हीच वापरा, पुढच्या जुम्याला पुन्हा स्कॅनर लावू. तोवर टोकन माझ्याकडेच राहू द्या." खरा माणूस याला सहसा नाही म्हणत नाही. "आत्ता दुसरे गिऱ्हाईक उभे आहे" असे उत्तर आले तर त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला गाडी लखलाभ होवो.

तपासायला जाण्याआधी फोनवर सांगून ठेवा की गाडी सुरू करून ठेवू नका, थंड इंजिन पाहायचे आहे. आणि पीयूसीचे ताजे सर्टिफिकेट पुढे केले तर ते बाजूला ठेवा. पेट्रोल गाडीच्या पीयूसीत सायलेन्सरमध्ये नळी घालून त्या घडीचा धूर मोजतात. वायूंचे प्रमाण मर्यादेत आहे, एवढेच ते सांगते. दिवा जिवंत आहे की नाही, हे त्यात येत नाही.

सीएनजीबद्दल दोन शब्द, कारण आपल्याकडे बाहेरून किट बसवलेल्या गाड्या खूप. किट नीट जुळवलेले नसेल तर ईसीएमला इंधनाचे मिश्रण पटत नाही आणि चेक लाईट येते. किट बसवणारे "गॅसवर सगळ्यांचीच लागते" म्हणून सोडून देतात. काही जण सेन्सरच्या वायरवर ईसीएमला खोटी माहिती देणारा डबा लावतात. सगळ्यांचीच लागते, हे खरे नाही. नीट जुळवलेल्या किटवर ती लागू नये, आणि कंपनीतून सीएनजी लागून आलेल्या गाडीत तर नाहीच नाही. आणि एकदा 'ही तर गॅसची लाईट' अशी सवय झाली, की उद्या खरा बिघाड झाला तरी घरात कोणी दचकणार नाही. अशी गाडी घेताना पेट्रोलवर आणि गॅसवर, दोन्हीकडे चालवून पाहा.

दिवा व्यवस्थित आहे, रोज हजेरी देतो, आणि एके दिवशी कशेडी घाटात इंजिन चालू असताना पेटला, तर काय? स्थिर पेटला असेल आणि गाडीच्या चालण्यात फरक नसेल तर घाबरू नका. पिवळा रंग म्हणजे 'लवकर दाखवा', 'जागच्या जागी थांबा' नव्हे. वेग कमी ठेवून, ओव्हरटेक टाळून घरी किंवा दवाखान्यात पोचता येते. त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी स्कॅन करून घ्या. पण दिवा लुकलुकू लागला तर तो वेगळा निरोप आहे. सिलिंडरमध्ये ठिणगी चुकते आहे, गाडी हिसके देत असेल, आणि न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळते आहे. तो भाग भयंकर तापतो आणि खराब झाला तर हजारोंचा खर्च. अॅक्सिलरेटर हलका करा, सुरक्षित जागा बघून थांबा. एप्रिल-मे महिन्यात वाळलेल्या गवतावर गाडी उभी करू नका, तापलेला सायलेन्सर गवत पेटवू शकतो. आणि लाल बुधली किंवा लाल तापमापक पेटला तर पुढच्या वळणाचीही वाट न पाहता बाजूला घेऊन इंजिन बंद करायचे. तिथे पेशंट असो की पाहुणे, आधी इंजिन बंद, मग दुसऱ्या गाडीला फोन.

एक सवय गॅरेजवाल्यांकडूनच लागते, तिच्याबद्दल स्पष्ट लिहितो. दिवा आला की बॅटरीची वायर दहा मिनिटे काढून ठेवायची, तो गेला की झाले. किंवा गिऱ्हाईक स्वतःच म्हणते, "चालते ना गाडी? मग बल्ब काढून टाका, डोळ्यांत खुपतो." माझ्या ओळखीच्या एका घरात असे दोन वर्षे चालले. सुरुवातीला एका सेन्सरचे काम होते. शेवटी कन्व्हर्टरही गेला आणि गाडी घाट चढेना. तुमच्या मेकॅनिकने कोड पुसला तर त्याला आधी तो कोड कागदावर लिहून द्यायला सांगा. पी अक्षर आणि चार आकडे, एवढेच असते. पी ०३०० म्हणजे कुठल्याही एका सिलिंडरचे नाव न घेता मिसफायर, पी ०४२० म्हणजे कन्व्हर्टरची कामगिरी कमी. पुढच्या वेळी तोच कोड आला तर काय बदलले आणि काय नाही, हा हिशेब तुमच्या हातात राहतो. कोड म्हणजे कोणता भाग बदलायचा त्याची चिठ्ठी मात्र नव्हे. पी ०४२० आला म्हणून लगेच कन्व्हर्टर मागवणारा मेकॅनिक असेल तर दुसऱ्याचेही मत घ्या, आधी ऑक्सिजन सेन्सर आणि सायलेन्सरची गळती पाहायला हवी.

पत्रातल्या भगिनींनी शेवटी विचारले आहे की घरच्या स्कूटीलाही असाच दिवा दिसतो, तो तोच का? हो. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ च्या दुचाकींनाही ओबीडी आली आणि एप्रिल २०२३ पासून तिचा पुढचा टप्पा लागू झाला. चावी ऑन केली की तोच पिवळा दिवा पेटतो आणि काही क्षणांनी किंवा इंजिन सुरू झाल्यावर विझतो. कॉलेजला जाणाऱ्या मुलीला स्कूटीची चावी देताना हेल्मेटबरोबर हेही दाखवून ठेवा : चावी फिरव, दिवा बघ, मग बटण दाब. दिवा नाही आला तर संध्याकाळी घरी सांग. गेला नाही तर त्याच दिवशी सांग.